डेंग्यू एकदा होऊन गेला म्हणजे सुटलो का? अँटीबॉडीबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात डेंग्यूचा रिपोर्ट कसा वाचायचा यावर पानभर लिहिलं होतं, त्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आलेत की या वेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. बहुतेकांचा प्रश्न फिरून फिरून एकाच जागी येतो, अँटीबॉडी म्हणजे चांगलीच गोष्ट ना, मग डेंग्यू दुसऱ्यांदा जास्त वाईट का म्हणतात? त्याचं उत्तर द्यायचं तर अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशींपासून सुरुवात करावी लागते. नावं छापत नाही, फक्त गाव देतेय.

माझ्या मुलाला (वय ११) डेंग्यू झाला, पाचव्या दिवशीच्या सीबीसी रिपोर्टमध्ये खाली लिहिलंय "एटिपिकल लिम्फोसाइट्स दिसतात". रात्री नेटवर शोधलं तर ब्लड कॅन्सरच्या गोष्टी आल्या, झोप उडाली. डॉक्टर म्हणतात डेंग्यूत असतंच. असतंच म्हणजे काय? – नाशिक

ताई, डॉक्टर बरोबर सांगतायत. मी पॅथॉलॉजीवालीच आहे, पावसाळ्यात या पेशी मायक्रोस्कोपखाली रोजच्या रोज दिसतात, आणि डेंग्यूच्या पाचव्या दिवशीच्या स्लाईडवर त्या नसत्या तर मला उलट नवल वाटलं असतं.

एकदा नीट बघा त्या कशा दिसतात ते. साधी लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) लहान असते, जवळजवळ सगळी केंद्रकानेच भरलेली, भोवती निळसर रंगाची बारीकशी कड. ही मात्र चांगली मोठी झालेली, कडेचा भाग पसरलेला आणि गडद निळा, केंद्रक एका बाजूला सरकलेलं, आणि केंद्रकाच्या शेजारीच एक फिकट डाग. तो गडद निळा रंग येतो कारण पेशीत प्रोटीन बनवायचं काम जोरात चालू असतं, आणि तो फिकट डाग म्हणजे ते बनलेलं प्रोटीन जिथे पॅक होऊन बाहेर जायला तयार होतं ती जागा. प्रोटीन कुठलं, तर अँटीबॉडी. म्हणजे तुमच्या मुलाच्या रिपोर्टमधल्या त्या ओळीत ज्या पेशी आहेत त्यातल्या बऱ्याच जणी त्याच्याच व्हायरसविरुद्ध अँटीबॉडी सोडत होत्या.

या येतात कुठून? बी सेल नावाच्या पेशी हाडांच्या आतल्या मगजात, बोन मॅरोत तयार होतात. प्रत्येक बी सेलच्या अंगावर एकाच नमुन्याचा रिसेप्टर असतो, आणि गंमत म्हणजे तो नमुना व्हायरस शरीरात यायच्या कितीतरी आधी, जीनचे तुकडे उलटसुलट जोडून, अंदाधुंद बनलेला असतो. डास चावला, व्हायरस काखेतल्या, मानेतल्या गाठींपर्यंत किंवा प्लीहेपर्यंत पोचला, की तिथल्या असंख्य बी सेलपैकी ज्या थोड्यांचा रिसेप्टर त्या व्हायरसला चिकटतो त्याच तेवढ्या वाढायला लागतात, एकीच्या दोन, दोनाच्या चार असं करत. त्यातल्या काही लगेच अँटीबॉडी सोडायच्या कामाला लागून रक्तात उतरतात, त्यांना प्लाझ्माब्लास्ट म्हणतात. डेंग्यूमध्ये यांचं प्रमाण इतकं वाढतं की थायलंडमधल्या पेशंटवर झालेल्या आणि २०१२ साली छापून आलेल्या एका अभ्यासात निरोगी माणसाच्या तुलनेत सरासरी हजार पटीहून जास्त प्लाझ्माब्लास्ट सापडल्या, आणि त्या बहुतांश डेंग्यूच्याच विरुद्धच्या होत्या. पुढे दिल्लीत डेंग्यू झालेल्या मुलांच्या रक्तातही या पेशींची अशीच लाट दिसली. आठवड्या-दोन आठवड्यात त्या ओसरतात. डॉक्टरांनी सांगितलं असेल तेव्हा सीबीसी परत करून घ्या, बहुतेक वेळा तो शेरा गायब झालेला असतो, आणि नसेल झाला तर डॉक्टर पुढचं बघतील.

दुसऱ्या दिवशी टेस्ट केली, एनएसवन पॉझिटिव्ह पण आयजीएम निगेटिव्ह. सातव्या दिवशी दुसऱ्या लॅबमध्ये केली तर आयजीएम आणि आयजीजी दोन्ही पॉझिटिव्ह. कुठली लॅब चुकली? – सोलापूर

दोन्ही बरोबर आहेत, फक्त दोन वेगळ्या गोष्टी मोजल्यात.

एनएसवन हे व्हायरसचंच प्रोटीन, ते पहिल्या दिवसापासून रक्तात असतं. आयजीएम ही अँटीबॉडी मात्र तुमच्या पेशींनी बनवायची असते आणि वर सांगितलं तसं त्या पेशींना निवड होऊन, वाढून, कामाला लागायला वेळ लागतो, साधारण तापाच्या चौथ्या-पाचव्या दिवसापासून ती पकडीत येते. दुसऱ्या दिवशीच्या निगेटिव्ह आयजीएमवरून "डेंग्यू नाही" असं कोणीच म्हणू नये, तरी लोक म्हणतात आणि मग पाचव्या दिवशी पळापळ होते, हे दर वर्षी बघून जीव तुटतो.

आयजीएम ही पाच अँटीबॉडी जोडून झालेली असते, एकावेळी दहा ठिकाणी पकडू शकते, त्यामुळे पकड एकेकटी कच्ची असली तरी एकत्र मिळून काम भागतं. नंतर त्याच बी सेल अँटीबॉडीचा प्रकार बदलून आयजीजी बनवायला लागतात. पहिल्यांदाच डेंग्यू झालेल्या माणसात आयजीजी आठवडाभराच्या पुढे, हळूहळू चढते. तुमच्यात सातव्याच दिवशी दोन्ही असतील आणि आयजीजी भरपूर असेल तर बहुधा हा तुमचा दुसरा डेंग्यू आहे, पहिला कधीतरी साधा ताप समजून निघून गेला असेल. पहिल्या लागणीची आठवण ठेवणाऱ्या जुन्या मेमरी बी सेल तयारच बसलेल्या असतात म्हणून आयजीजी इतकी लवकर येते. हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, का ते पुढच्या प्रश्नात येतंय.

जाता जाता एक, सरकारी दवाखान्यांत डेंग्यू-चिकनगुनियाच्या आयजीएमसाठी जे एलायझा किट वापरतात ते पुण्याच्या एनआयव्हीने, म्हणजे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने बनवलेले असतात आणि तिथूनच देशभर जातात. प्लॅस्टिकच्या प्लेटमध्ये शहाण्णव छोटे खळगे, त्यात पेशंटची आयजीएम आधी पकडून ठेवायची, मग तिला डेंग्यूचं प्रोटीन चिकटतंय का बघायचं. चिकटलं तर खळगा आधी निळा होतो आणि शेवटचं अ‍ॅसिड घातलं की पिवळाधमक. रॅपिड कार्डापेक्षा मी त्यावर जास्त भरवसा ठेवते, फक्त रिपोर्टला वेळ लागतो.

मला २०१९ मध्ये डेंग्यू झाला होता, दवाखान्यात भरती होतो. आता अँटीबॉडी आहेत म्हणजे परत होणार नाही ना? ऑफिसमध्ये एक जण म्हणाला दुसरा जास्त डेंजर असतो, हे खरं की अफवा? – ठाणे

खरं आहे. आणि सगळ्यात जास्त लिहायचंय ते याच्यावरच, कारण "मला होऊन गेलाय" म्हणून निवांत बसणारे लोक मी फार बघते.

डेंग्यूचे व्हायरस चार, एक ते चार नंबर. चौघं एकमेकांसारखे दिसतात पण सारखे नाहीत. एका प्रकाराचा डेंग्यू झाला की त्या प्रकारापासून बहुतेक आयुष्यभराचं संरक्षण, आणि बाकी तिघांपासून थोडेच महिने. हे कळलं दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, पोलिओच्या तोंडावाटे द्यायच्या लसीमुळे जे पुढे प्रसिद्ध झाले त्या अल्बर्ट सेबिन यांनी तेव्हा स्वयंसेवकांना मुद्दाम डेंग्यूची लागण करून बघितलं होतं. त्याच प्रकाराची परत लागण केली तर आजार होत नव्हता, दुसऱ्या प्रकाराची दोन-तीन महिन्यांनी केली तर होत होता.

आता हे एवढ्यावरच थांबलं असतं तर फार काही बिघडत नव्हतं, चार वेळा ताप आला असता इतकंच. पण १९६०च्या दशकात बँकॉकमध्ये स्कॉट हॅल्स्टेड नावाचे अमेरिकन डॉक्टर मुलांमधला रक्तस्राव आणि शॉकवाला डेंग्यू बघत होते, त्यांना दिसलं की हा गंभीर प्रकार दोनच गटांत जास्त होतोय, एक म्हणजे ज्यांना डेंग्यू दुसऱ्यांदा झालाय अशी मुलं, आणि दुसरी वर्षाच्या आतली बाळं ज्यांना पहिल्यांदाच झालाय पण ज्यांच्या आईला आधी होऊन गेलाय. दोघांत समान काय? व्हायरस यायच्या आधीच रक्तात डेंग्यूच्या अँटीबॉडी होत्या, मुलांच्या स्वतःच्या, बाळांच्या आईकडून आलेल्या.

घडतं ते असं. डेंग्यूचा व्हायरस जवळपास पन्नास नॅनोमीटरचा गोळा, त्याच्या अंगावर ई नावाच्या प्रोटीनच्या १८० प्रती, दोन-दोनच्या जोड्या करून, खवल्यांसारख्या सपाट बसलेल्या. चांगली अँटीबॉडी या खवल्यांवर अशा जागी बसते की व्हायरसला पेशीत शिरताच येत नाही, किंवा शिरला तरी आत गेल्यावर उघडता येत नाही. पण त्यासाठी एकाच व्हायरसवर पुरेशा अँटीबॉडी घट्ट बसायला हव्यात. पहिल्या डेंग्यूच्या वेळी बनलेल्या अँटीबॉडी नव्या प्रकाराला चिकटतात खऱ्या, पण सैल, किंवा कमी संख्येने, किंवा नको त्या जागी. व्हायरस मरत नाही आणि वर अँटीबॉडीची शेपटी बाहेर लोंबत राहते. ती शेपटी पकडायला मोनोसाइट आणि मॅक्रोफेज या पेशींवर खास रिसेप्टर असतात, त्या अशा अँटीबॉडी लागलेल्या गोष्टी गिळून साफ करतात, एरवी फार चांगलं काम आहे ते. डेंग्यूची पंचाईत अशी की त्याला वाढायला याच पेशी आवडतात. म्हणजे अर्धवट चिकटलेली अँटीबॉडी व्हायरसला त्याच्या आवडीच्या घरात स्वतः नेऊन सोडते. मग जास्त पेशींना लागण, जास्त व्हायरस, आणि त्याच्या मागे जी दाहाची लाट येते तिने बारीक रक्तवाहिन्या पाझरायला लागतात, पोटात-छातीत पाणी, बीपी खाली.

हे प्रयोगशाळेतलंच आहे असं कोणाला वाटत असेल तर क्युबाचं उदाहरण घ्या. तिथे १९७७ साली एक नंबरचा डेंग्यू देशभर पसरला, सौम्य साथ होती. चार वर्षांनी, १९८१ मध्ये, दोन नंबरचा आला. ३ लाख ४४ हजारांवर पेशंट आणि १५८ मृत्यू, त्यातली बरीच लहान मुलं. मग क्युबाने डास इतके कडक आवरले की बरीच वर्षं डेंग्यू जवळपास नव्हताच, आणि १९९७ मध्ये सँतियागो द क्युबा या शहरात परत दोन नंबर आला. त्या वेळी गंभीर झाले ते मोठ्या वयाचे, ज्यांना वीस वर्षांपूर्वी एक नंबर होऊन गेला होता ते. साथींच्या नंतर जन्मलेल्या मुलांना ताप आला आणि गेला. वीस वर्षं झाली तरी त्या जुन्या लागणीचा परिणाम टिकून होता, हे मला आजही वाचताना अंगावर येतं.

आणि मग २०१७ मध्ये निकाराग्वातल्या मानाग्वा शहरातल्या हजारो मुलांच्या वर्षानुवर्षं साठवलेल्या रक्ताच्या नमुन्यांवरून आकड्यात उत्तर मिळालं. ज्यांच्यात अँटीबॉडी अजिबात नव्हत्या त्यांना धोका कमी, ज्यांच्यात भरपूर होत्या त्यांनाही कमी, आणि मधला पट्टा, त्यांच्या मोजमापाने १:२१ ते १:८० (रक्तातलं सिरम किती पट पातळ केलं तरी अँटीबॉडी पकडीत येतात त्याचं हे माप), तो सगळ्यात धोक्याचा. अँटीबॉडी आहेत की नाहीत एवढा प्रश्नच अपुरा आहे, किती आहेत आणि कुठल्या प्रकारावर घट्ट बसतात हे विचारावं लागतं.

दादा, घाबरवायला हे लिहिलं नाही. दुसरा डेंग्यू झालेले बहुसंख्य लोक बरेच होतात आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी गंभीर होणं तर आणखी विरळ. पण तुम्हाला आता ताप आला तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांना "२०१९ला झाला होता" हे सांगायचं, दुखण्यावर पॅरासिटामॉल सोडून ब्रुफेन, अ‍ॅस्पिरिन मनाने घ्यायचं नाही, आणि ताप उतरला की सुटलो असं समजायचं नाही. डेंग्यूचे घातक दिवस ताप उतरतानाच सुरू होतात, तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या मधले चोवीस ते अठ्ठेचाळीस तास. पोटात जोरात दुखणं, थांबत नाहीत अशा उलट्या, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी, अंगात अजिबात त्राण नसणं किंवा उलट नुसती तगमग, यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. सगळं लक्ष प्लेटलेटवर ठेवून हिमॅटोक्रिट (रक्तात लाल पेशींचा वाटा किती ते) बघायचंच राहतं असंही होतं, तो चढत असेल तर रक्तातलं पाणी बाहेर झिरपतंय असा अर्थ असतो.

बाळ आठ महिन्यांचं आहे, मला गरोदरपणाच्या आधी डेंग्यू झालेला. अंगावर पाजते म्हणजे बाळाला माझ्या अँटीबॉडी मिळतायत ना? – पुणे

तुमची आयजीजी बाळाला पोटात असतानाच नाळेतून मिळाली, आणि ती दर तीन आठवड्यांनी साधारण निम्मी होत जाते. सुरुवातीचे काही महिने ती खरंच संरक्षण देते, पण सहा ते नऊ महिन्यांच्या आसपास ती वर सांगितलेल्या मधल्या पट्ट्यात येते, आणि हॅल्स्टेडना बँकॉकमध्ये गंभीर झालेली बाळं भेटली ती याच वयाची. दुधातून येणाऱ्या अँटीबॉडी बहुतेक वेगळ्या प्रकारच्या, त्या पोट-आतडी सांभाळतात, रक्तातलं हे गणित बदलत नाहीत. दूध अजिबात बंद करू नका, पण मच्छरदाणी दिवसासुद्धा लावा, एडिस डास दिवसाच चावतो, आणि बाळाला ताप आला तर त्याच दिवशी दाखवा.

मी मूळचा बार्शीचा, आता वय ६८. कॉलेजात असताना गावात तापाची प्रचंड साथ आलेली, घरातले सगळे वाकून चालत होते, मीसुद्धा. २००६ला सगळ्या गल्लीला चिकनगुनिया झाला, मला काही झालं नाही. योगायोग? – सोलापूर

काका, तुमचं पत्र वाचून फार आनंद झाला. ती साथ १९७३ची असणार, बार्शीची ती साथ चिकनगुनियाचीच होती आणि देशातल्या चिकनगुनियाच्या इतिहासात तिचं नाव कायम घेतात, त्यानंतर बत्तीस वर्षं भारतात या रोगाची मोठी साथ आली नाही. १९७३चा व्हायरस आशियाई वंशाचा होता, २००६ला आला तो आफ्रिकेकडच्या वंशाचा, पण डेंग्यूसारखे चार वेगळे प्रकार चिकनगुनियात नाहीत, एका वंशाविरुद्धच्या अँटीबॉडी दुसऱ्यालाही अडवतात. तुमच्या बाबतीत नेमकं काय झालं ते रक्त तपासल्याशिवाय सांगता येणार नाही, डास चावलाच नसेल असंही असू शकतं, पण तेहतीस वर्षं अँटीबॉडी टिकणं यात अशक्य काहीच नाही.

कारण असं, की प्लाझ्माब्लास्ट सगळ्याच मरून जात नाहीत. गाठींमध्ये काही आठवडे आणखी एक काम चालू असतं, बी सेल आपल्या अँटीबॉडीच्या जीनमध्ये स्वतःहून छोटे छोटे बदल करत राहतात आणि ज्या बदलाने व्हायरसवरची पकड घट्ट होते त्याच पेशींना टी सेल या दुसऱ्या संरक्षक पेशींकडून जगायचा इशारा मिळतो, बाकीच्या तिथेच संपतात. यातून पार पडलेल्या काही पेशी परत बोन मॅरोत जाऊन बसतात आणि वर्षानुवर्षं, काही तर दशकं, अँटीबॉडी सोडत राहतात, सेकंदाला हजारोंच्या हिशोबाने.

चिकनगुनियात बी सेल किती महत्त्वाच्या ते उंदरांवरून कळलं. ज्या उंदरांमध्ये बी सेल बनतच नाहीत त्यांना लागण केली तर रक्तातला व्हायरस वर्ष उलटून गेलं तरी जात नाही, साध्या उंदरात तो आठवडाभरात जातो. आणि सिंगापूरच्या पेशंटमध्ये असं दिसलं की ज्यांच्यात आयजीजीचा तीन नंबरचा उपप्रकार लवकर आणि भरपूर आला त्यांचे सांधे पुढे कमी दुखले. सुरुवातीला रक्तात व्हायरस जास्त होता त्यांच्यातच तो लवकर आला होता, हे विशेष. मग बाकीच्यांचे सांधे महिनोन् महिने का धरलेले राहतात, तर रक्तातला व्हायरस गेला तरी सांध्याच्या आवरणात त्याचे उरलेसुरले अंश आणि त्यावरचा दाह मागे राहतो, तिथे अँटीबॉडीचं फारसं चालत नाही. अशा दुखण्यावर पेनकिलर खात दिवस काढण्यापेक्षा सांध्यांच्या डॉक्टरांना दाखवलेलं बरं.

मी स्टाफ नर्स आहे. मेंदूज्वराच्या पेशंटचं पाठीच्या मणक्यातलं पाणी आयजीएमसाठी पाठवतो. अँटीबॉडी तर मेंदूत जात नाहीत असं शिकलो होतो, मग ती तिथे सापडते कशी? – गोंदिया

किती नेमका प्रश्न विचारलात! रक्तातली आयजीएम मेंदूत सहज जात नाही हे तुम्ही बरोबर शिकलात. म्हणून तर त्या पाण्यात जपानी मेंदूज्वराची आयजीएम सापडली की तिला एवढं वजन असतं, ती तिथेच, मेंदूत शिरलेल्या बी सेलनी बनवलेली असते. थायलंडमध्ये १९८०च्या दशकात जपानी मेंदूज्वराच्या पेशंटचा अभ्यास झाला तेव्हा जे दगावले त्यांच्या मणक्यातल्या पाण्यात अँटीबॉडी कमी सापडल्या होत्या आणि व्हायरस जिवंत मिळत होता.

मेंदूचा पेच वेगळाच आहे. लिव्हरमधली लागण झालेली पेशी मारून टाकली तर नवी येते, न्यूरॉन मारला तर गेलाच तो. मग लागण झालेला न्यूरॉन न मारता व्हायरस घालवायचा कसा? यावर अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये डायेन ग्रिफिन यांच्या टीमने सिंडबिस नावाच्या व्हायरसवर बरीच वर्षं काम केलं. हाही डासांतून पसरणारा, चिकनगुनियाच्याच कुळातला, १९५२ साली इजिप्तमधल्या त्या नावाच्या गावाजवळ सापडलेला. त्यांनी बी आणि टी दोन्ही पेशी नसलेल्या उंदरांना लागण केली, मेंदूत व्हायरस ठाण मांडून बसला. मग फक्त अँटीबॉडी टोचली, दुसरं काही नाही, आणि न्यूरॉनमधला व्हायरस गेला, न्यूरॉन जिवंत राहिले. १९९१ला हे छापून आलं तेव्हा अँटीबॉडीचं काम फक्त पेशीबाहेरच चालतं ही समजूत मोडली. पेशीच्या पृष्ठभागावर आलेल्या व्हायरसच्या प्रोटीनला ही अँटीबॉडी चिकटते आणि त्याचा परिणाम आतल्या वाढीवर होतो.

पण व्हायरसचा आरएनए (त्याचं जनुकीय साहित्य) मात्र पूर्ण जात नाही, थोडा न्यूरॉनमध्ये पडून राहतो. टोचलेली अँटीबॉडी संपली की व्हायरस परत डोकं वर काढू शकतो. म्हणूनच धडधाकट उंदरात अँटीबॉडी सोडणाऱ्या पेशी मेंदूत येऊन कितीतरी महिने मुक्काम ठोकतात, आजार बरा झाल्यावरही. तुम्ही जी ट्यूब बर्फात ठेवून लॅबला पाठवता त्यात या पेशींचंच काम असतं.

आईला सांध्यांच्या आजारासाठी रितुक्सिमॅबची इंजेक्शनं चालू आहेत. कॉलनीत डेंग्यू आहे, तिची काय वेगळी काळजी घ्यायची? – नागपूर

रितुक्सिमॅब बी सेलच्या अंगावरच्या सीडी-ट्वेंटी या खुणेला धरून त्या पेशी संपवतं. बोन मॅरोत बसून अँटीबॉडी सोडणाऱ्या ज्या जुन्या पेशी वर सांगितल्या, त्या प्लाझ्मा सेलवर ती खूण नसते, त्यामुळे आईच्या जुन्या अँटीबॉडी बऱ्याच टिकतात, पण नव्या व्हायरसवर नवी आयजीएम बनवायची ताकद काही महिने जवळजवळ नसते. अमेरिकेत वेस्ट नाईल या डासांतूनच पसरणाऱ्या व्हायरसच्या बाबतीत असे पेशंट नोंदलेत ज्यांच्या मेंदूत व्हायरस होता आणि आयजीएमचा रिपोर्ट निगेटिव्ह येत राहिला. म्हणून आईला ताप आला तर नुसत्या आयजीएमवर थांबू नका, एनएसवन आणि आरटी-पीसीआर करायला सांगा, आणि रितुक्सिमॅब चालू आहे हे तपासणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला सांगा. औषध मात्र तुमच्या मनाने बंद करायचं नाही.

इम्युनिटी वाढवायला काढा, गुळवेल, पपईच्या पानांचा रस? – अनेक ठिकाणांहून

यातल्या कशानेही डेंग्यूच्या योग्य अँटीबॉडी जास्त बनतात असं दाखवलं गेलेलं नाही. पपईच्या रसाने उलट्या वाढून डिहायड्रेशन झालं तर उलट नुकसान. पाणी, ओआरएस, नारळपाणी प्या.

कोविडची लस वर्षभरात आली, डेंग्यूची अजून का नाही? – कोल्हापूर

वरचं सगळं वाचलंत तर अडचण लक्षात आली असेल. चार प्रकारांपैकी दोनांवर चांगली आणि दोनांवर कच्ची अशी लस दिली तर ती माणसाला मधल्या पट्ट्यात नेऊन ठेवू शकते. फिलिपिन्समध्ये हे प्रत्यक्ष झालं. २०१६ पासून तिथे शाळांमधून आठ लाखांवर मुलांना डेंगव्हॅक्सिया ही लस दिली, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये खुद्द कंपनीनेच जाहीर केलं की ज्यांना आधी डेंग्यू झालेलाच नाही त्यांना लसीनंतर डेंग्यू झाला तर तो गंभीर व्हायची शक्यता वाढते. मोहीम थांबली. त्यात सगळ्यात वाईट हे झालं की लोकांचा गोवरासारख्या जुन्या, भरवशाच्या लसींवरचाही विश्वास उडाला, आणि २०१९ला तिथे गोवराची मोठी साथ आली. मला याचा फार त्रास होतो, कारण शंका एका लसीबद्दल होती आणि किंमत दुसऱ्याच आजारात मुलांनी मोजली.

म्हणून आता कंपन्या आणि सरकारं सावकाश जातायत आणि ते योग्यच आहे. टाकेडाची क्यूडेंगा लस काही देशांत चालू आहे. भारतात पॅनेशिया बायोटेकच्या एका डोसच्या लसीची तिसऱ्या टप्प्याची चाचणी आयसीएमआरने ऑगस्ट २०२४ मध्ये रोहतकला पहिला डोस देऊन सुरू केली, दहा हजारांवर निरोगी प्रौढ त्यात आहेत आणि प्रत्येकावर दोन वर्षं लक्ष ठेवायचं ठरलं. दोन वर्षं का, तर अँटीबॉडी उतरायला लागल्यावर काय होतं तेच तर बघायचंय.

यातून एक चांगली गोष्टही निघाली. पेशंटच्या प्लाझ्माब्लास्ट एक एक वेगळ्या काढून, प्रत्येक पेशी नेमकी कुठली अँटीबॉडी बनवते ते बघताना लंडनमधल्या टीमला २०१५ मध्ये अशा काही अँटीबॉडी सापडल्या ज्या ई प्रोटीनच्या जोडीवर, दोघांच्या सांध्यावर बसतात आणि चारही प्रकारांना अडवतात, पुढे त्यातल्या काही डेंग्यूच्याच कुळातल्या झिका व्हायरसलाही अडवतात असं कळलं. लसीने बी सेलना नेमकं हेच बनवायला लावता आलं तर वरची सगळी भीती सुटेल. माझी सगळ्यात जास्त आशा या कामावर आहे.

केनियाला जायचंय. यलो फीवरचं सर्टिफिकेट २०११चं आहे, दहा वर्षं उलटली, परत टोचून घ्यावं लागेल? – वसई

नाही. ११ जुलै २०१६ पासून ते सर्टिफिकेट जगभर आयुष्यभरासाठी धरतात, जुन्या सर्टिफिकेटवर दहा वर्षं लिहिलेलं असलं तरी. ही १९३०च्या दशकातली मॅक्स थायलर यांची लस, एकाच प्रकाराच्या व्हायरसविरुद्ध, आणि दुसऱ्या महायुद्धात ती घेतलेल्या अमेरिकन सैनिकांच्या रक्तात तीस-पस्तीस वर्षांनीही काम करणाऱ्या अँटीबॉडी सापडल्या होत्या. मूळ पिवळं कार्ड पासपोर्टसोबत ठेवा, झेरॉक्स चालत नाही.